टोपणांचं तोरण

लाल खण, चारी कोपरे एकत्र धरून बांधलेला.

ज्याला साखर असते त्याच्या तळपायांना हळूहळू काही कळेनासं होतं.

ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात. घंटागाडीच्या भोंग्यातली बाई हे रोज सकाळी गाऊन सांगते. पुढच्या दोन डब्यांचं कडवं लागेपर्यंत गाडी दुसऱ्या गल्लीत गेलेली असते. आमच्या गल्लीनं ते कधी ऐकलेलंच नाही.

लिंबू वाळलं की त्यात टोचलेलं सुटत नाही.

दिलेलं वाण परत करत नाहीत.

पारिजातकाचा देठ नारिंगी असतो.

उतारा ठेवून वळताना मागं बघायचं नसतं.

टक्.

टक् म्हणजे माझं डोकं गंगूताईंच्या दारावरच्या तोरणाला लागलं. मी काही उंच नाही. तोरणाचा एका बाजूचा खिळा निसटला होता आणि ते खाली आलं होतं. सकाळची वेळ, अंगात कचेरीनं दिलेला हिरवा कोट, हातात चार डब्यांचं चित्र असलेला पुठ्ठा. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, बाई गात होती. उंबऱ्याच्या बाहेर थांबून ‘काकू, डबे दाखवता का’ एवढंच मला म्हणायचं होतं, त्यासाठी मी जरा आत डोकावले, आणि टक्. एका टोपणानं दुसऱ्याला ढकललं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि थंडीनं दात वाजावेत तसं सगळं तोरण माझ्या कपाळावर वाजलं. मी वर बघितलं. नारिंगी टोपणं, बोटाच्या पेराएवढी, दोऱ्यात ओवलेली, मधूनमधून पांढरे मणी. हे तोरण मी येता-जाता बघत आले होते. गेल्या वर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि ते बक्षीस, झाकणाचा एक स्टीलचा डबा, ज्यानं गंगूताईंच्या हातात दिलं तो माझा नवरा होता. हरीश, आमच्या भागाच्या सफाईचा मुकादम. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. पण डोळ्यांनी बघणं वेगळं आणि डोक्याला लागणं वेगळं. डोक्याला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही साखरेच्या, म्हणजे इन्सुलिनच्या, सुयांची टोपणं आहेत, आणि टोपण एकटं नसतं. प्रत्येक टोपणाच्या आत कधीतरी एक सुई होती. एवढी टोपणं इथं दारावर आहेत. मग सुया कुठं आहेत?

सुया कुठं आहेत ते मला माहीत होतं. त्या माझ्या घरी होत्या. गच्चीच्या कठड्यावर, पावडरच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात.

‘ये गं कोमल,’ गंगूताई आतून म्हणाल्या, आणि दाराशी पोचेपर्यंत त्या ‘ये’चं ‘थांब’ झालं. ‘थांब हं, मीच घेऊन येते डबे बाहेर.’ त्यांचे डबे नेहमी लख्ख. ओल्यात देवाची फुलं आणि चहाचा चोथा, सुक्यात दुधाच्या पिशव्या धुऊन घडी घातलेल्या. गल्लीतल्या बायकांना मी गंगूताईंचं उदाहरण देत असे. मी पुठ्ठा काखेत धरून डब्यांत बघत राहिले आणि त्या माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिल्या. हरीश गेल्यापासून गल्लीतल्या सगळ्याच बायका माझ्याशी बोलताना खांद्यावरून पलीकडं बघतात. विधवेचे डोळे टाळायची ती एक रीत असते असं मी धरून चालले होते. त्या सकाळी मला वाटलं, सगळ्यांचं बघणं सारखं नाही. बाकीच्या मला टाळतात. ही दुसरंच काहीतरी टाळते.

गाडीत बसल्यावर लालसिंगनं माझ्याकडं बघितलं. लालसिंग म्हणजे आमचा ड्रायव्हर, हरीशचाही तोच होता. ‘वहिनी, तोंड काहून उतरलं?’

‘लालसिंग, साखरेच्या सुया कोण कोण टाकतं आपल्या भागात?’

‘सगळेच टाकून राहिले. आता घरात देव नसंल पण साखर हाय.’

‘नारिंगी टोपणाच्या?’

‘त्या जुन्या झाल्या. आता समदे पेनवाले झाले. खिशाला पेन लावल्यावानी फिरतेत. नारिंगी म्हणजे…’ आणि त्यानं आरशातून मागं गंगूताईंच्या दाराकडं बघितलं. बाई गात होती. त्यानं हात पुढं करून तिचा आवाज बारीक केला. ‘वहिनी, ते पुडकं शिवायचंच न्हवतं. मी साहेबांना तवाच बोललो व्हतो.’

‘पुडक्यात सुया कोणी ठेवल्या ते विचारून राहिले मी.’

‘ते विचारून काय भेटणार?’ लालसिंग म्हणाला, आणि गिअर टाकला.

उतारा काय असतो हे आमच्याकडं लेकराला सांगावं लागत नाही. घरातलं माणूस दुखण्यातून उठेना, की अवसेच्या तिन्हीसांजेला भात, लिंबू, मिरच्या, कुंकू त्याच्यावरून उतरवायचं, कापडात बांधायचं, तिठ्यावर ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. दुखणं पुडक्यात जातं. जो शिवेल, ओलांडेल, त्याच्या मागं लागतं. म्हणून कोणी शिवत नाही. कुत्रीही शिवत नाहीत असं म्हणतात. खरं तर कुत्री भात खातात आणि त्यांना काही होत नाही, पण कुत्र्यांना कोण विचारतो. रस्ता झाडणाऱ्या बाया उताऱ्याभोवती गोल सोडून झाडतात. दुपारपर्यंत त्या स्वच्छ रस्त्यात धुळीचं एक बेट राहतं आणि मधोमध ते पुडकं बसलेलं असतं, पाहुण्यासारखं. लालसिंग गाडी नालीत घालील पण त्याच्यावरून नेणार नाही. त्यामुळे उतारे उचलायचे ते हरीशनं. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि विश्वास नसल्याचा त्याला फार आनंद होता. पुडकं हातात धरून तो लालसिंगला छळायचा. ‘सांग आता, हे कोण्या डब्यात? लिंबू ओल्यात, कापड सुक्यात. अन दुखणं?’ ‘दुखणं तुमीच घेऊन जा साहेब,’ लालसिंग म्हणायचा, ‘माझ्या गाडीत त्याला कप्पा न्हाई.’ दोघं हसायचे. घरी येऊन हरीश मला हे सांगायचा आणि मीही हसायचे. हे हसणं आता कोण्या डब्यात टाकायचं. ओल्यात टाकलं तर कुजायला पाहिजे, आणि ते कुजत नाही.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी तो चहाला घरी आला तेव्हाही हसतच होता. ‘कोमल, तुझं वाण परत आलं बघ.’ हातात लाल खण. मी ओळखला. लालवर बारीक सोनेरी कुयऱ्या. आदल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी अख्ख्या गल्लीला दिलेला, एका ताग्यातून कापलेला. त्यात बांधलेलं लिंबू त्यानं ओट्यावर ठेवलं. लिंबू कसलं, साळिंदर होतं ते. साखरेच्या सुया चहूबाजूंनी टोचलेल्या, बिनटोपणाच्या. आमच्या ओट्यावर ते डुगडुगत राहिलं. ‘उचललं तं चावलं मला,’ तो म्हणाला आणि अंगठ्याशेजारचं बोट दाखवलं. एक लाल ठिपका. मी त्यावर हळद दाबली. त्यानं लिंबू पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकलं, झाकण घट्ट बसवलं, कठड्यावर नेऊन ठेवलं. ‘हे चौथ्या डब्याचं. घातक. उद्या नेतो.’ घातक हा शब्द तो मजेत म्हणायचा, लेकराला वाघ दाखवावा तसा.

उद्या बोट सुजलं. परवा हात सुजला आणि मनगटापासून वर एक तांबडी रेघ चढत गेली, रस्त्यावर चुन्याची फक्की ओढतात तशी सरळ. ताप भरला. इथल्या डॉक्टरनं बघितलं आणि नांदेडला न्या म्हणाला. गाडीत हरीश मला म्हणत होता की कठड्यावरचा डबा आठवणीनं लालसिंगकडं दे, कोणाचा हात लागायला नको. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, जंतू रक्तात गेलेत. त्यानं ते दोनदा सांगितलं, हळू, मला समजावं म्हणून. मला पहिल्यांदाच समजलं होतं.

गल्लीला मात्र दुसरंच समजलं. उताऱ्यानं गेला. मातीला आलेली माणसं कयाधूच्या पुलावरून परतताना एकमेकांना हे सांगत होती. माझी आई डोंगरकड्याहून आली, माझ्या गळ्यात पडली आणि रडून झाल्यावर तिचं पहिलं वाक्य, ‘मी म्हणलं व्हतं का न्हाई तुला, त्याला शिवू देऊ नको म्हणून.’ उताऱ्यानं गेला. हे वाक्य मी इतके महिने तोंडात धरून ठेवलंय, खारकेच्या बीसारखं, गिळता येत नाही आणि थुंकायला जागा नाही. त्यात दुखणं आहे, पुडकं आहे, हरीशचा आगाऊपणा आहे. फक्त माणूस नाही. पुडकं काय आपल्या पायांनी तिठ्यावर चालत आलं? लिंबाला सुया काय झाडावर असतानाच फुटल्या? कोणाच्यातरी दोन हातांनी एकेक सुई घेऊन ते लिंबू सजवलं होतं, आणि ते हात आता याच गल्लीत पोळ्या लाटत होते, दिवा लावत होते, आणि उताऱ्यानं गेला म्हणत डोळ्याला पदर लावत होते. मला ते हात पाहिजे होते.

हरीशच्या जागेवर मला नोकरी लागली. मुकादमाची नाही, घरोघरी जाऊन समजावण्याची. कोणता कचरा कोण्या डब्यात. लोकांना वाटलं बिचारी पोटासाठी फिरते. पोटासाठी फिरतच होते, पण डबे उघडायला मिळत होते. हळदीकुंकवाला ज्या दारांनी मला बोलवणं बंद केलं, त्या सगळ्या दारांना आता आपला कचरा मला दाखवावा लागत होता. माणूस तोंडानं काहीही बोलेल, त्याच्या कचऱ्याला बोलता येत नाही म्हणून तो खरा असतो. कोण केस काळे करतं, कोणाकडं भात रोज उरतो, कोणाच्या घरात गोळ्यांची पाकिटं अर्धी भरलेलीच फेकतात, सगळं मला दिसत होतं. मी खण शोधत होते. ज्या घरी माझा लाल खण असेल तिनं तो उताऱ्याला वापरला नसेल. ज्या घरी नसेल तिनं वापरला असेल. हा माझा हिशेब, आणि मी त्याच्यावर कितीतरी दिवस जगले. मग एका घरी मी एका बाईला नव्या सुनेची ओटी भरताना बघितलं, हातात माझा लाल खण. तो तिला कोण्या चुलत सासूनं दिला होता, तिला आणखी कोणी. दुसरा एक मला नरसीला देवळाबाहेर एका बाईच्या पिशवीत दिसला. तेव्हा कळलं की मी मूर्ख आहे. खण कोणी शिवत नाही. खण फिरतो. आलेला खण बायका कपाटात ठेवतात आणि पुढच्या ओटीत घालतात, आणि तो गावभर फिरून एखाद दिवशी आपल्याच घरी येतो. तुझं वाण परत आलं बघ. खणावरून माणूस सापडत नाही.

टोपणावरून सापडतं. टोपण फिरत नाही, ते दारावर लटकतं आणि बक्षीस घेतं.

बंडोपंत, गंगूताईंचे यजमान, कोर्टातून रिटायर झालेले. पेनावर त्यांचा भरवसा नाही. जुनी पिचकारी, जुनी सुई, गंगूताई स्वतः टोचतात, सकाळ-संध्याकाळ, देवपूजेसारखं. हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. एकदा हळदीकुंकवाला गंगूताईंनी हसत सांगितलं होतं की यांच्या पायात काचेचा तुकडा गेला आणि यांना कळलंच नाही, घरभर लाल पावलं उमटली, ‘मला मेलीला वाटलं गौरी आल्या’. आम्ही सगळ्या हसलो होतो. माझ्या हातात तेव्हा तिळगुळाची वाटी होती. त्या गोष्टीतलं काय उपयोगाचं आहे ते मला आता कळलं. लाल पावलं. कळत नाही. अनवाणी.

बंडोपंत सकाळी पारिजातकाखाली अनवाणी जातात. देवाच्या फुलांना चप्पल घालून शिवायचं नाही हा त्यांचा नेम. झाड कुंपणाला लागून आहे, फांद्या रस्त्यावर येतात. पौष लागला की फुलं थोडी पडतात पण पडतात. फुलांत सुई दिसत नाही. मी हे मनात कितीदा केलं ते सांगता येणार नाही. भाजी चिरताना केलं, मुलाखतीसारखे प्रश्न विचारत दारोदार फिरताना केलं, गाडीवरची बाई हिरवा डबा म्हणायची तेव्हा केलं, निळा म्हणायची तेव्हाही केलं. सुई आत जाईल. ते फुलं वेचत राहतील. दुपारी गंगूताईंना फरशीवर लाल पावलं दिसतील. मग सूज. मग रेघ. मग नांदेड. डॉक्टर त्यांना दोनदा सांगेल, हळू. आणि मी दारात उभी राहीन, हिरव्या कोटात, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणेन, उताऱ्यानं गेले का हो काकू? एवढं म्हणण्यासाठी मी ते सगळं करायला तयार होते. मी चांगली बाई आहे असं समजून कोणी हे ऐकत असेल तर त्यानं ऐकू नये.

लिंबू वाळून बोराएवढं झालं होतं, काळं आणि टणक. सुया ओढल्या तर येईनात. एक आली. ती रुमालात गुंडाळून मी उजाडताना गेले. कुंपणावरून हात आत घातला. खाली पांढरी फुलं, नारिंगी देठ वर करून पडलेली, जणू झाडानंही आपली टोपणं काढून टाकली होती. रुमाल सोडते तोवर दार वाजलं.

‘कोण? कोमल का?’ बंडोपंत परडी घेऊन पायऱ्या उतरत होते. मफलर, स्वेटर, आणि खाली उघडे पाय. ‘बरं झालं आलीस. वाकलं की चक्कर येते मला. दोन फुलं वेचून दे बरं.’

माझ्या हातची फुलं देवाला चालतील का हे त्यांच्या मनात आलंसुद्धा नाही. गल्लीत तेवढ्या एकाच माणसाच्या मनात आलं नाही आणि त्याच माणसाचा पाय मला पाहिजे होता. मी फाटक उघडून आत गेले, वाकले. एका मुठीत सुई, दुसऱ्या हातानं फुलं. त्यांचे पाय माझ्या तोंडासमोर होते. डाव्या टाचेत बाभळीचा काटा होता. अख्खा आत रुतलेला, बाहेरचं टोक मोडलेलं, भोवती रक्त वाळून काळं झालेलं. आजचा नव्हता, कालचा असावा. त्या काट्यावर भार देऊन ते उभे होते आणि मला सांगत होते की कनेरगाव नाक्याच्या बाजूनं वारं सुटलं की थंडी वाढते, त्यांच्या वडलांचंही हेच म्हणणं होतं.

तिथं वाकलेली असताना मला कळलं की माझा सगळा बेत फुकट आहे. ज्याला टोचलेलं कळत नाही त्याला टोचून काय मिळणार. हा माणूस सुईवर चालत देवघरात जाईल आणि शांतपणे आरती म्हणेल. मला कळणारं माणूस पाहिजे होतं. टोचल्यावर ज्याला टोचेल असं, आणि रोज टोचेल असं. मी परडी भरून दिली. ‘देव तुझं भलं करो,’ ते म्हणाले. काट्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

संक्रांतीला काळं चालतं. वर्षभर ज्या रंगाला घरात घेत नाहीत तो त्या एका सणाला नेसतात, घालतात, लेकराला नटवतात. मी ऑइलपेंटची लहान डबी आणली आणि पावडरचा डबा बाहेरून काळा रंगवला. वाळल्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं, घातक. आत लिंबू होतंच. ती एक सुईही मी परत आत टाकली. डबा हलवला की वाजायचा, खुळखुळ्यासारखा.

गंगूताईंचं हळदीकुंकू आटोपलं होतं. बायका गेल्या होत्या, ओसरीवर तिळगुळाचा चुरा, फुलं, वाणाच्या साबणदाण्यांचे रिकामे खोके. गंगूताई काळी चंद्रकळा नेसून ते खोके चपटे करत होत्या, सुक्यात टाकायला. तोरणाचा खिळा कोणीतरी पुन्हा ठोकला होता.

‘कोमल,’ त्या म्हणाल्या. ‘तू… ये ना.’

‘हितंच बरी हाय, काकू. वाण आणलं तुमाला.’

‘वाण?’

मी पुढं होऊन डबा त्यांच्या हातात दिला. आलेलं वाण घ्यायचं आणि देणारीला हळदकुंकू लावायचं. त्यांचा हात सवयीनं कोयरीकडं गेला, बोट कुंकवात बुडालं, आणि तिथंच थांबलं. ते लाल बोट हवेत धरून त्यांनी डबा उलटसुलट केला. तो वाजला.

‘हे काय गं?’

‘सुयांचा डबा हाय.’

त्या पायरीवर बसल्या. त्यांनी अक्षरं वाचली. मग म्हणाल्या, ‘हरीशनं कबूल केला होता हा.’

हे माझ्या बेतात नव्हतं.

‘बक्षीस दिलं ना त्यानं, तेव्हा हळूच म्हणाला मला. काकू, टोपणांचं तोरण झालं, सुयांचं काय करता? म्हटलं कचऱ्यात टाकते. तर म्हणाला, टाकू नका, पोरांचे हात फाटतात. मी डबा आणून देतो. तोवर कोणाचा हात लागणार न्हाई अशा जागी ठेवा.’ हरीशचं ‘न्हाई’ त्यांनी तसंच म्हटलं. ‘मी ठेवल्या. बरणी भरली, दुसरी भरली. त्याला तरी किती कामं, राहून गेलं असेल. आठवण करायचा संकोच वाटला मला. आणि मग अवस आली. यांची साखर काही उतरेना. सगळे म्हणाले उतारा ठेवा. मी विचार केला, उताऱ्याला कोण हात लावतं, कोमल? तू सांग. या गावात कोणी लावतं का?’

आतून बंडोपंतांचा आवाज आला. ‘कोण आलंय गं?’

‘साखर उतरली का, काकू?’

‘उतरली,’ त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी कबुलीजबाबासारखा दिला. ‘त्याच आठवड्यात उतरली.’ आणि आता पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. ‘कोणी उचललं असेल गं ते?’

त्यांना माहीत होतं. इतके महिने माहीत होतं. त्यांना एवढंच पाहिजे होतं की कोणीतरी म्हणावं, कोणी नाही, पावसात वाहून गेलं. ते म्हणायला एक श्वास लागला असता. माझ्यात तो श्वास होता.

‘हरीशनं,’ मी म्हणाले. ‘गल्ली म्हणती उताऱ्यानं गेला. डॉक्टर म्हणाले सुईनं. तुमी कोणतंबी धरा, काकू. दोन्ही तुमचंच हाय.’

त्यांच्या लाल बोटाचं कुंकू चंद्रकळेवर पडलं. काळ्यावर ते दिसलं नाही.

‘आता ऐका,’ मी म्हणाले. माझा आवाज मला घरोघरी समजावताना असतो तसाच लागला, सरावाचा आणि गोड. ‘पहिल्या सुया आत हायेत, त्या तुमी वळखताल. बाकीच्या यातच टाकायच्या. दर शनिवारी मी येईन. तुमी तुमच्या हातानं झाकण काढून मला दाखवायचं. मी नेऊन रिकामा करून परत आणीन. तेवढं लिंबू आतच राहील.’

‘मुलाला सांगते मी, अपूर्व पुण्याहून काहीतरी…’

‘अपूर्व न्हाई. तुमी.’

‘किती दिवस?’

‘काकांना सुया लागतेत तवर.’ मी हसले असावे. ‘काका शंभर वर्षं जगोत.’

त्यांनी डबा माझ्याकडं पुढं केला. लिंबू आत वाजलं.

‘वाण परत करत न्हाईत, काकू,’ मी म्हणाले आणि वळले. मागं बघायचं नसतं. मी बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. घरात नेता येत नव्हता, बाहेर ठेवता येत नव्हता. त्यांचं डोकं तोरणाला लागत होतं आणि त्या सरकत नव्हत्या.

खणांचा तो तागा हरीशनं निवडला होता. लाल घे म्हणाला होता, लांबून दिसतो.